दारावरचं टिंब

त्यांच्या दारावर नाव नव्हतं. पाटी होती, चांगली सागवानी, सुताराकडून घासून घेतलेली. तिच्यावर पांढऱ्या रंगात एक टिंब काढलेलं आणि टिंबाच्या शेजारी एक चांदणी. पोस्टमन पहिल्यांदा आला तेव्हा बराच वेळ त्या पाटीपुढं उभा राहिला आणि मग माझ्या भट्टीवर येऊन म्हणाला, "आक्का, तुमच्या भाडेकरूचं नाव काय म्हणायचं?"

"पाटीवर हाय ते."

"पाटीवर काय बी न्हाई."

"मग तेच."

परभणीत स्टेशनच्या मागच्या अंगाला माझी फुटाण्याची भट्टी होती. मालक गेल्यावर ती मीच चालवली आणि मागची एक खोली सरांना भाड्यानं दिली. मी शिकले चौथीपर्यंत. सर कॉलेजात गणित शिकवायचे. कॉलेजात पहिला संगणक आला तेव्हा दुसरं कोणी त्याला हात लावायला तयार नव्हतं, म्हणून तो यांच्या गळ्यात पडला. अशा माणसाविषयी मी काय लिहिणार, असं कोणी म्हणेल. पण विद्यापीठाच्या नामांतराच्या आधीची काही वर्षं ते माझ्या भिंतीपलीकडं राहिले, आणि बोलायला त्यांना माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

शेजारची बाई मला म्हणाली होती, "आक्का, खोली देताना आडनाव विचारलं न्हाई का?"

"विचारलं. त्यांनी सांगितलं. तुला कशाला पाहिजे?"

तिला का पाहिजे होतं ते मला ठाऊक होतं. त्या वर्षांत आडनाव कानावर पडलं की पाण्याचा तांब्या हातात द्यायचा की खाली ठेवायचा हे लोक ठरवून मोकळे व्हायचे. मी हातात दिला. चांगुलपणा वगैरे काही नाही, मला वाकायचा कंटाळा होता.

सर उंच होते, एक खांदा कललेला. सदऱ्याची गुंडी उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत लावलेली. बोलताना मान वळवून एक कान तुमच्याकडं करायचे, आणि तुमचं बोलणं संपलं तरी तो कान तसाच ठेवायचे, जणू तुम्ही म्हणालात त्याच्या मागं आणखी काही येणार आहे. नवीन माणसाला ते सोसायचं नाही. एक दूधवाला त्या कानामुळंच आमच्याकडं यायचा थांबला.

काही विचारलं तर "नाही" असं उत्तर ते देत नसत. "वजा एक" म्हणत. "सर, नळाला पाणी आलं का?" "वजा एक." "जेवलात का?" "वजा एक, मावशी." संगणकाला एखादी गोष्ट धुंडाळायला सांगितली आणि ती सापडली नाही, तर तो वजा एक सांगतो म्हणे. सापडली तर दोन आकडे सांगतो. कुठं सुरू झाली आणि कुठं संपली.

"आन् नाव?" मी विचारलं.

"नाव ठेवायचं न्हाई. फक्त आरंभ आणि शेवट, असे दोन खण. तेवढं असलं की पुरतं."

पाटीविषयी मी त्यांना एकदा सरळच विचारलं. "सर, ह्या टिंबाचा अर्थ काय? बायका म्हणायल्यात करणी हाय."

"टिंब म्हणजे कोणतंबी एक अक्षर."

"आन् चांदणी?"

"तिच्या आधी जे हाय ते, कितीबी वेळा."

"म्हणजे कोणतंबी अक्षर, कितीबी वेळा. असं कोणाचं नाव हाय?"

"सगळ्यांचं," ते म्हणाले. मग कान माझ्याकडं ठेवूनच म्हणाले, "आन् ज्याला नावच न्हाई त्याचंबी. कितीबी वेळा म्हटलं की एकदाबी न्हाई हे त्यात येतं. समोर कोणी नसलं तरी ही खूण जुळती, मावशी."

मला ते आवडलं नाही. समोर कोणी नसलं तरी चालेल असं ज्या दारावर लिहिलंय, त्या दारावरून दिवेलागणीला जायला मला पुढं बरेच दिवस नको वाटायचं. मी काही भित्री बाई नाही. मालकांना सर्प चावला तेव्हा तो सर्प मीच मारला होता. पण सर्प दिसतो.

त्यांचं काम असं होतं, की एखादं नाव कोणी कसंही लिहिलं असलं तरी ते पकडणारी खूण तयार करायची. मला ते सुपात मांडून दाखवायचे. फुटाणा म्हणजे ठरलेलं अक्षर, मुरमुरा म्हणजे कोणतंही, शेंगदाणा म्हणजे परत परत. खूण मांडायच्या आधी अटी ठरवाव्या लागतात म्हणे. ऱ्हस्व आणि दीर्घ एकच धरायचं का. न आणि ण एकच धरायचं का, कारण आपल्याकडं निम्मे लोक पाण्याला पानी म्हणतात. ह गळाला तर चालेल का. नाव पूर्ण जुळलं पाहिजे, का दुसऱ्या मोठ्या नावाच्या पोटात सापडलं तरी चालेल. आणि चांदणी हावरी ठेवायची का कंजूष.

"हावरी म्हणजे?"

त्यांनी सुपात एक रांग मांडली. "हे बघा. क पासून न पर्यंत, मधी काहीबी, असं मी सांगितलं. रांगेत नावं हायत किसन, बाबू, सोपान. कंजूष असली तर किसन घेऊन थांबती. हावरी असली तर थांबत न्हाई. किसनच्या क पासून निघती आणि सोपानच्या न पर्यंत खात जाती."

"म्हणजे तिघांचा एकच माणूस झाला."

"हां."

"मधला बाबू कुठं गेला?"

"पोटात," ते म्हणाले. आणि सूप नीट झाडून माझ्या हातात दिलं.

दर वेळी सुपात किसनच का असतो, हे मी त्या दिवशी विचारलं. ते लगेच सांगतील असं वाटलं नव्हतं, पण सांगितलं.

किसन त्यांचा धाकटा भाऊ. वालूरच्या पुढं त्यांचं खेडं, नाव मी लिहीत नाही. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराचा ठराव झाला आणि खेड्यापाड्यांत आमच्या-तुमच्या लोकांनी त्यांच्या वस्त्या पेटवल्या. त्यांचीही पेटली. आई आणि हे दोघं भाऊ मागच्या अंगानं उभ्या हायब्रीडमध्ये पळाले. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली होती. आईचा एक हात सरांच्या हातात होता, दुसरा किसनच्या. शेताच्या पलीकडं निघाले तेव्हा आईचा तो हात रिकामा होता. किसन मेला म्हणावं तर प्रेत नाही. जगला म्हणावं तर परत आला नाही.

"त्याचा आरंभ मला ठाऊक हाय, मावशी," सर म्हणाले. "शेवटाचा खण रिकामा हाय."

तेव्हापासून ते नावं गोळा करत होते. दवाखान्यातली, रिमांड होममधली, गंगाखेडला उसावर आलेल्या टोळ्यांमधली, पाथरीला धर्मशाळेत उतरलेल्यांची. जिथं जातील तिथं हाता-पाया पडून नावं उतरवून आणायचे, संगणकात घालायचे आणि त्यांच्यावरून खूण फिरवायचे. आई गावात एकटी राहायची. तिचे डोळे गेले होते. सर भेटायला गेले की ती एकच विचारायची, "लागला का?" आणि तिला मात्र ते सरळ सांगायचे, "न्हाई, माय."

कॉलेजातून आणलेले कागद ते संध्याकाळी दारात बसून मोठ्यानं वाचत. कोण्या परक्या लोकांची नावं, एका सुरात, वर नाही खाली नाही. भट्टी विझवता विझवता मी ऐकायची. त्यातली किती माणसं जिवंत होती देव जाणे. एकदा बाहेरून कमरुद्दीन टांगेवाला आत आला. तोंड उतरलेलं.

"सर, मेरेकू बुलाये क्या?"

सरांनी कागदावर बघितलं. कागदावर दुसराच कोणी कमरुद्दीन होता, मानवतच्या दवाखान्यातला, कधीचा मेलेला. सर म्हणाले, "क पासून न पर्यंत. तुम्ही बसता यात."

"किसमें बैठता? टांगा तो बाहर खडा है."

मी हसले. कमरुद्दीन हसला नाही. तो पुन्हा कधी आमच्या घरासमोर टांगा थांबवताना मला दिसला नाही.

वर्षं जात होती तशी सरांची खूण सैल होत चालली. आधी किसन, किशन, किसान एवढंच. मग किस्ना आणि कृष्णा. मग शेवटचा न गेला तरी चालेल. मग पहिला क लिहिणाऱ्यानं ग केला असेल, ख केला असेल. एकेक अट ते काढून टाकत. मी भाजण्याची चाळण रोज हातात धरणारी बाई. मी म्हटलं, "सर, चाळणीची भोकं लय मोठी करायलात. सगळंच खाली पडाया लागलं तर तिला चाळण म्हणत न्हाईत. भोक म्हणतात."

"पण त्यात तो असंलच की," ते म्हणाले.

एक दिवस त्यांनी मला दाखवलं, खुणेत आता एकही ठरलेलं अक्षर उरलं नव्हतं. पाटीवर होतं तेच. मला वाटलं, आता वेड लागायचं बाकी आहे. कॉलेजातल्या लोकांना तर ते लागून गेलं असंच वाटत होतं.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या जानेवारीची गोष्ट. जुनं नाव तसंच ठेवून नवं त्याच्या आधी जोडलं. सर म्हणाले, "आता दोन्ही जुळतात." ते आनंदानं म्हणाले की कसं ते मला कळलं नाही. गावात एकीकडं गुलाल, एकीकडं बंद दुकानं, आणि मध्ये पोलीस. मी भट्टी लावली होती, कारण फुटाणे दोन्हीकडच्यांना लागतात.

दुपारी एक माणूस येऊन भट्टीच्या उबेला बसला. तिशीचा असेल, चाळिशीचाही असेल. चेहरा असा की बघताना दिसायचा, नजर वळवली की आठवायचा नाही. मी त्याला मूठभर फुटाणे दिले. नाव विचारलं. तो माझ्याकडं बघत राहिला. मुका असेल म्हणून मी सोडून दिलं.

सर आले. त्यांनी कान त्याच्याकडं केला आणि बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "किसन?"

"ओ," तो माणूस म्हणाला.

सरांनी त्याला खोलीत नेलं. अंघोळ घातली, आपला सदरा दिला, जेवू घातलं. पण मला ते पटलं नव्हतं. भावाला भेटलेला माणूस रडतो तरी, भांडतो तरी, कुठं मेला होतास म्हणून एक ठेवून देतो. हे दोघं आत बसून होते आणि आवाज कसलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सर कॉलेजात गेले. तो माणूस भट्टीपाशी हरभरे निवडत बसला होता. मी सहज म्हणून हाक मारली, "गणपत."

"ओ."

"सोपान."

"ओ."

"कमरुद्दीन."

"ओ." दर वेळी मान वर करून, त्याच नजरेनं. जणू नाव त्याचंच आहे आणि मी नेहमी त्याच नावानं हाक मारते.

मग मी मालकांचं नाव घेतलं. लग्न झाल्यापासून मी ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. ते जिवंत होते तेव्हा नाही, गेल्यावरही नाही. इथंही लिहिणार नाही. त्या दिवशी मात्र हाक मारावी तसं घेतलं.

"ओ," तो म्हणाला.

सूर मालकांचा होता असं मी म्हणणार नाही. पण झारा वाळूत तसाच राहिला आणि सगळा घाणा करपला.

संध्याकाळी मी सरांना गाठलं. "सर, हा तुमचा भाऊ न्हाई. ह्याला नावच न्हाई. मी माझ्या मालकाचं नाव घेतलं, त्यालाबी यानं ओ दिली."

"तुमी मालकाचं नाव घेतलं?"

"घेतलं."

"पहिल्यांदा?"

"हां."

"मग तुमालाबी वाटलंच की, येईल म्हणून."

मी करपलेला घाणा राखेत ओतून आले.

मग ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, "माय मरायलीय, मावशी. अन्न सोडलंय. किसनचा आवाज कानावर पडल्याबिगर जीव जायचा न्हाई म्हणती. मी तिला इतकी वर्षं न्हाई म्हणून सांगतोय. आता माझ्याच्यानं न्हाई म्हणवत न्हाई."

"म्हणून कोणीबी नेऊन उभा करणार? तिनं वळखलं न्हाई तर त्याच क्षणी मरंल ती."

"तुमी चला संगं," ते म्हणाले. "मला एकट्याला भ्या वाटायलंय."

मी फुटाण्याची एक पिशवी बांधून घेतली आणि गेले. सेलूपर्यंत एसटी, तिथून वालूरला जीप, पुढं पायी. तो माणूस आमच्या दोघांच्या मध्ये चालत होता. वाटेत दोन्ही बाजूंना रब्बीची ज्वारी उभी होती. त्या ज्वारीतून जाताना सरांनी त्याचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

म्हातारी बाजेवर होती. नुसती हाडं. डोळे पांढरे. सर म्हणाले, "माय, लागला." तिनं काही विचारलं नाही, कुठं होता, कसा सापडला, काही नाही. उठून बसली. तो माणूस तिच्यासमोर जमिनीवर बसला होता. मी दाराशी उभी होते, मला त्याचा चेहरा नीट दिसत होता.

म्हातारीनं हाक मारली. "किसन."

तो बोलला नाही.

कुत्र्या-मांजराच्या नावालाही ज्यानं ओ दिली असती, तो माणूस गप्प बसून राहिला. सरांचा चेहरा पांढरा पडला. मी मनात म्हटलं, संपलं. म्हातारीची मान थोडी वाकडी झाली, सरांची व्हायची तशीच, आणि ती तशीच ऐकत राहिली.

मग ती म्हणाली, "हाच हाय."

"कशावरून, माय?" सरांना विचारायची गरज नव्हती, पण त्यांनी विचारलं.

"पहिल्या हाकंला ओ दिली न्हाई. पहिली हाक कोण मारतंय ते ठाऊक नसतं बाबा, माणूस मारतंय का आणखी कोण. दुसरीला ओ द्यायची. तुमाला दोघांलाबी बारके असताना शिकविलं मी. तू विसरलास. हा न्हाई विसरला."

दुसरी हाक तिनं मारलीच नाही. हात पुढं करून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, भूक लागली.

त्या दिवशी ती जेवली. त्या माणसाला तिच्यापाशीच ठेवून आम्ही परतलो. होळीपर्यंत दोन्ही वेळा जेवत होती. होळीच्या पुढं कधीतरी गेली, तेव्हा तिचा हात त्या माणसाच्या गुडघ्यावर होता असं शेजारच्यांनी सांगितलं. माती देऊन सगळे परतले तेव्हा तो माणूस कोणाबरोबर नव्हता. कोणत्या वाटेनं गेला ते कोणी पाहिलं नाही. सरांनी त्याला शोधलं नाही. नावं वाचायचंही बंद केलं. मग त्यांची बदली झाली. जाताना मला नमस्कार केला आणि मी म्हटलं, "सुखानं राहा." एवढंच. पुढं त्यांचं काय झालं मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. त्या दिवशी गावाहून परत येताना जीपमध्ये आम्ही दोघंच मागं बसलो होतो. मला वाटलं, हा माणूस आता हे खरं धरून आयुष्यभर बसेल, याला कोणीतरी सांगितलं पाहिजे. मी म्हटलं, "सर, उगं मनात काय धरू नका. त्याच्या तोंडात घास होता. म्हणून ओ दिली न्हाई त्यानं. दुसरं काय न्हाई. मी दारातून बघितलंय, जबडा हलत हुता."

सरांनी कान माझ्याकडं केला.

"भाकरी मी त्यानंतर थापली, मावशी," ते म्हणाले. "आपण गेलो तवा चूल थंड हुती."

"मग फुटाणे असतील."

"फुटाण्याची पिशवी तुमच्या मांडीवर हाय. गाठ बघा."

मी बघितली. घरून निघताना मारलेली गाठ तशीच होती.

"जबडा मीबी बघितला," सर म्हणाले. मला सुपातला मधला बाबू आठवला.

तो काय चावत होता, हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही.